शंभर पानी वही

दुपारची लाइन गेलेली. बंद पंख्याखाली येऊन बसला
प्रल्हाद भुयार,
हाँगकाँगात आठ वर्षं भांडी घासून परतलेला.
"हे टाइप करून पायजे. किती लागन?"
पानाला पाच रुपये, मी म्हटलं.
"आधी वाचून घ्या. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय.
तिकडे ते पाय खातेत, तुम्ही वाचा तरी."

डावीकडे तिकडचं बोलणं, उजवीकडे आपलं,
मधे पट्टीनं मारलेली लाल रेघ.

माखूळ परतणे.
(समुद्रातला जीव. ना काटा ना खवला.
कढईत पडला की वळकटीसारखा गुंडाळतो.
कामावरून काढलेला माणूसही तेच करतो.)
उजवीकडे: नारळ देणे.

उंच टोपी घालणे. खाली बारीक अक्षरात:
आ-खुंग आचारी मालकाले टोपी घालते म्हणून समजलं
अन् मी पहिल्याच महिन्यात भांडाले उठलो.
आपल्याकडे टोपी घातली की सातबारा जाते,
तिकडे माणूस नुसता हरभऱ्याच्या झाडावर चढते.

विमान सोडणे: येतो म्हणून न येणे.
आपलं: हातावर तुरी.
विमान कुठं, तूर कुठं,
फाट्यावर पिशवी घेऊन थांबलेला माणूस मात्र तोच.

फोनची पेज शिजवणे, मंद आचेवर, तासन् तास.
उजवीकडे लिहिलं होतं: सुमनवहिनी.

कोंबडी बदकाशी बोलते.
उजवीकडे: तहसील हापिस, वरुड.

मी हसले. तो हसला नाही,
बाहेर संत्र्याचे कॅरेट भरत होते तिकडे बघत राहिला.
म्हणाला, आ-खुंगले मीही एक शब्द देऊन आलो,
भैताड.
आता तिथं रोज कोणी ना कोणी भैताड ठरत असन.

पान सदतीस.
लिंबू खाणे.
लाल रेघ. रेघेपलीकडे कोरं.

मागच्या मार्गशीर्षात तो आमच्याकडे आला होता, मामासोबत.
पोहे मीच केले होते.
दोन दिवसांनी भावाच्या तोंडून कळवलं, सध्या विचार नाही.
पानठेल्यावर कोणीतरी विचारलं, काय झालं बे?
तो म्हणाला, लिंबू खाल्लं.

मग गावभर तेच.
त्याच्या मामीनं पित्त समजून ओवा पाठवला.
बकूबाईला चौकातलं, सुई टोचलेलं लिंबू आठवलं,
तिनं तीन संध्याकाळी मिरच्या जाळल्या,
आमच्या घरापर्यंत ठसका आला.
मीसुद्धा आईला विचारलं होतं,
संत्र्याच्या गावात माणूस लिंबू कशाला खाते?

"याचा अर्थ लिहायचा राहिला," मी म्हटलं.
"राहू द्या. आपल्याकडे त्याले शब्द नाही."
मला वाटलं, सांगावं.
"नकार आहे ना."
तो वहीच्या कोपऱ्याची घडी सरळ करत होता.
"तो देनाऱ्याचा शब्द आहे. खानाऱ्याचा नाही."

लाइन आली.
पंखा फिरला तशी पानं फडफडली,
आणि दोघांनी एकदमच त्यावर हात ठेवले,
एकदमच काढले.

संध्याकाळपर्यंत टाइप केलं. सगळं.
उंच टोपीतली 'घालते' तशीच ठेवली, शुद्ध केली नाही.
सदतिसाव्या पानावर
उजवं घर रिकामं सोडून पुढे गेले.
एकेचाळीस पानांचे दोनशे पाच होतात,
मी दोनशे घेतले.
त्यानं मोजून पाचाचं नाणं काचेवर ठेवलं
आणि फाट्याकडे निघाला.

दुपारचा डबा तसाच होता.
वरणावर पिळायला आईनं दिलेली फोड
कडेनं सुकलेली.
पिळली नाही.
शटर अर्धं ओढलं, आणि तशीच तोंडात धरली,
सालीसकट.
बी दाताखाली आलं.