बर्च नाही, करंज आहे

जूनचा पहिला शनिवार. नर्सरीत गिऱ्हाईक नाही.
पाम बीच रोडकडेच्या हिरव्या जाळीखाली
मी जास्वंदींना पाणी घालत होतो
तेव्हा शिरधनकरांची सून आली, हालीना,
उन्हानं कानापर्यंत लाल.
म्हणाली, झाड नको. फांद्या पाहिजे. खूप.

फोनवर झाड दाखवलं. अख्खा बुंधा चुना फासलेला,
पालिका रस्त्याकडेला फासते तसा,
पण जन्मापासून.
म्हटलं, बर्च नाही, करंज आहे.
फांदी तोडायला अर्ज लागतो, तीन प्रती,
पण काल छाटलेला ढीग मागं पडलाय, तो न्या.

तिच्याकडे हा हिरवा आठवडा.
दाराला पाला, खिडकीला पाला, देवाच्या तसबिरीमागे पाला,
आणि जमिनीवर अंथरायला एक लांब, वासाचं पातं.
तिला नाव येईना. हातानं तलवार काढून दाखवली.
मी कोपऱ्यातली ओली कुंडी पुढे केली,
तिनं पातं चुरगळलं, हुंगलं,
आणि बराच वेळ माझ्याकडे बघितलंच नाही.
वेखंड, मी म्हटलं. आमच्यात तान्ह्या पोराला लावतात.

ह्या आठवड्यात म्हणे नदीतल्या बाया वर येतात,
ओले केस सोडून फांद्यांवर झोके घेतात.
पोहायला जायचं नाही.
किती जणी? तिला मोजून माहीत नव्हतं.
आमच्या सात, मी म्हटलं. विहिरीत असतात. आसरा.
गल्लीतल्या घरांचा नंबर सांगावा
तसं सांगून गेलो.

नदीचं नाव देस्ना.
मी ऐकलं, देश ना?
ती म्हणाली, हो.

मग का कुणास ठाऊक, मीही बोललो.
मंठ्याकडचं माझं गाव. मी नऊ वर्षांचा.
उघड्या अंगाला लिंबाचा पाला बांधून
मला धोंडी केला होता.
दारोदार बाया डोक्यावर तांब्या ओतायच्या,
घरात प्यायला नव्हतं, तरी ओतायच्या.
पाल्यातून गळून पाणी ओठावर यायचं, कडू.
त्या साली पाऊस आलाच नाही.
मला कुणी काही बोललं नाही.
पाला तिसऱ्या दिवशी सुकून गळाला,
ते न बोलणं अजून अंगावर आहे.

ती म्हणाली, आमच्या पलीकडच्या गावांत पोरीला बांधतात,
मेपलच्या पानांत, तोंडसुद्धा दिसत नाही.
पीक गेलं तर कुणाला कळत नाही
आत कोण होती.

रविवारी कळलं, वॉचमननं लिफ्टमधून कचरा नेऊ दिला नाही,
अकरा मजले फांद्या तिनं एकटीनं चढवल्या.
नवरा जहाजावर, सिंगापूरच्या अलीकडे कुठेतरी.
संध्याकाळी हातात वेणीसारखी गोल माळ,
करंज, सदाफुली, मध्ये एक पेटती मेणबत्ती.
मला म्हणाली, पाणी दाखव.

दिवाळ्याच्या जेट्टीवर हसुराम नाखवा जाळं सांधत होता.
मान वर न करता म्हणाला,
बाय, आता टाकशील तं माघारी येल.
पानी भरतीचा हाय. येक तास बस.

तिकडे नदी एकाच बाजूला जाते, तिनं मला समजावलं.
माळ बुडाली तर वाईट.
लांब गेली तर लग्न.
काठाला लागली तर आणखी एक वर्ष घरी.

आणि तास न थांबता तिनं टाकली.

दोन होड्यांइतकी गेली. मेणबत्ती विझली.
मग खाडीनं तिला हळूच फिरवलं,
पायऱ्यांशी आणून लावलं,
थर्माकोल, नारळाची शेंडी, कुणाचं तरी निर्माल्य, त्यात.
हसुरामनं एवढंच केलं,
सांगितलं होतं, असं म्हटलं नाही.

आणखी एक वर्ष, ती हसून म्हणाली, घरी.
कुठल्या, ते मी विचारलं नाही.

रात्री नर्सरीचं पत्र्याचं दार लावताना
उरलेली एक डहाळी कडीत खोचली.
करंजाची. लिंबाची नाही.
लिंबाला अजून हात जात नाही.