काचेच्या अलीकडे

बांबोळीच्या पठारावर, ओपीडीच्या मागच्या अंगाला
एक काच आहे. तिकडून आरसा, इकडून खिडकी.
इकडे अंधारात मी, दोन ज्युनियर,
आणि एक पंखा, ज्याला इतक्या वर्षांत
हळू बोलायला आम्ही शिकवू शकलो नाही.

तिकडे डॉ. ऋतुपर्ण घाटोळ, मूळचा वाशीमचा,
सहा फुटांचा देह
बालवाडीच्या लाल खुर्चीत घडी घालून बसलेला.
ती खुर्ची ही आमची पहिली परीक्षा.
जो तिच्यात बसताना लाजतो
त्याला मी महिनाभर तिच्यातच बसवते.

समोर शांबा गावडे, वय सात, सावईवेरे.
शाळेत सव्वा वर्ष एक शब्द नाही.
घरी बोलतो. म्हशीशी तर खूपच, असं आई म्हणाली
आणि मग ओशाळली,
डॉक्टरला म्हशीचं नाव सांगून बसल्याबद्दल.
काचेमागे माणसं आहेत हे शांबाला आधी सांगितलं होतं.
तेव्हाही त्याने मान हलवली नव्हती.

ऋतुपर्ण विचारतो. रात्री जागून पाठ केलेली कोकणी
खुंट्यांसारखी एकेक ठोकतो:
तुजें नांव कितें? तुजो इश्ट कोण?
प्रश्न वाळूच्या ट्रेमध्ये पडतात, तिथेच रुततात.
शांबा फेरीबोट नेतो या काठावरून त्या काठाला.
परत आणतो. परत नेतो.
बोटीत माणसं नाहीत.
मी वहीत लिहिते. खोडते.
बोटीत माणसं नाहीत याचा अर्थ कधीकधी
आमची प्लास्टिकची माणसं हरवली आहेत, एवढाच असतो.

माझ्या हाताशी माइकचं बटण.
दाबलं की त्याच्या कानात मी: थांब. प्रश्न पुरे.
वीस वर्षं दाबत आले आहे.
ब्रागांझाबाई मला शिकवत तेव्हा बटण नव्हतं.
त्या सरळ आत येत, शेजारी जमिनीवर बसत,
आणि मुलाला सोडून मलाच विचारत, 'दमलीस?'
मूल हसायचं. मी नंतर रडायचे, संडासात.

आज बोट बटणावर ठेवलं आणि दाबलं नाही.
का, असं ज्युनियरने विचारलं.
माहीत नाही, म्हटलं. परीक्षेत हे लिहू नका.

तिकडे ऋतुपर्णचे प्रश्न संपले.
कान तांबडे. आता करायचं काय, म्हणून
त्याने आपला तळहात वाळूच्या कडेला ठेवला, उताणा.
बहुतेक थकूनच.
बोट निघाली. मध्येच थबकली. वळली.
तळहाताच्या धक्क्याला येऊन लागली.

आणि मग शांबा उठला, थेट आरशापाशी आला,
नाक टेकलं, दोन्ही हातांचा आडोसा केला.
(असा आडोसा केला की आतलं दिसतं.
हे कुठल्याच फॉर्मवर मी लिहिलेलं नाही.)
त्याने जीभ काढली.
मी, प्राध्यापक, विभागप्रमुख, वय अठ्ठावन्न,
मीही काढली.

तो मागे वळला. तळहाताला, माणसाला नव्हे, सांगितलं:
'थंय एक म्हातारी आसा.'

ज्युनियरने माझ्याकडे बघायचं टाळलं.
ऋतुपर्णने केसपेपरवर लिहिलं: चार शब्द.
निरीक्षण बरोबर की चूक, असा कॉलम तिथे नसतो.

पुढच्या मंगळवारी शांबा पुन्हा गप्प.
त्याच्या पुढच्याही.
ऋतुपर्ण माझ्या केबिनमध्ये येऊन उभा राहिला,
काही न बोलता. मी विचारलं, 'दमलास?'
आवाज माझाच होता, पण जुना.

शुक्रवारी म्हापशाच्या बाजारातून
प्लास्टिकची माणसं आणली, आठ. पोलीस, नर्स, दोन मुलं,
टोपीवाला एक कोण ते कळेना.
म्हातारी आहे का, विचारलं.
बाई म्हणाली, म्हातारी सेटमध्ये येत नाही.