जुजबंदी

माझगावात, गोदीच्या भिंतीला लागून
मुफद्दलशेठचा बाइंडिंगचा कारखाना.
मुलं त्याची शारजात.
मार्चअखेरीला त्यानं खतावणी मिटली आणि विचारलं,
मशीन भंगारात घालू, की तुम्ही घेता?
उरलेली डाळ नेता का, विचारावं
तसं.

आम्ही अकरा जण.
जन्मभर दुसऱ्यांचे कायदे शिवले,
वकिलांचे, महापालिकेचे,
फर्मे दुमडून, पाठीवर हातोडी मारून,
आत काय लिहिलंय ते न बघता.
आता रात्री कटिंग मशीनच्या पाटावर
उपविधी क्रमांक एकपासून वाचायला बसलो.
इस्माईल बोट ठेवून वाचायचा.
'तोटा' या शब्दापाशी बोट थांबलं.
तोटाही आपलाच? रेवण म्हणाला.
म्हटलं, छापलंय तरी तसंच.

मग कळलं, माणसं मोजायची नसतात,
कुटुंबं मोजायची. दहा हवीत, वेगवेगळी.
ढमाले बंधू दोघे, पण चूल एक, रेशनकार्ड एक.
मार्सेलिन आणि तिचा नवरा, तेही एकच.
अकराचे नऊ झाले.
शेठ म्हणाला, मला धरा.
कोणी काही बोललं नाही.
पातं पुसता पुसता इस्माईल म्हणाला,
शेठ, तुम्ही बसलात की आम्ही उभेच राहणार.

तेवढ्यात जिन्यात डबा वाजला.
हौसाबाई धोत्रे. एकवीस वर्षं
घरून खळ शिजवून आणते,
मोरचूद बेतानं, एक गुठळी नाही.
हजेरीपटावर ती कधीच नव्हती.
किरकोळ खर्चात होती,
सुतळी आणि चहा यांच्या मधल्या ओळीत.
दहाव्या तुम्ही, म्हटलं, तर म्हणाली,
आधी मागच्या महिन्याचे द्या.

अर्जाच्या चारही प्रती शिवूनच नेल्या.
जुजबंदी, लाल रेक्झिनची पाठ, गोल कोपरे.
उपनिबंधकांच्या कचेरीत कारकुनानं उलटसुलट पाहिलं.
धंदा जुना आणि संस्था नवी?
मग शिवणीतून आरपार पंच मारला
आणि हिरवी दोरी ओवली.
पद्धत आहे, म्हणाला.
रेवणच्या तोंडाकडे बघवेना.

नोंदणीचा कागद सात महिन्यांनी आला.
पाटीवरचं 'नियोजित' मी रंगानं झाकलं,
ऊन पडलं की खालून अजून दिसतं.
पहिलाच पगार नऊ दिवस उशिरा.
शिवी द्यायला तोंड उघडलं
तर समोर सगळे आपलेच,
आणि हिशेब लिहिणारा मीच.

हौसाबाईला भागाची पावती दिली
तेव्हा तिच्या बोटांना खळ होती.
कागद चिकटला. तिनं सावकाश सोडवला,
अंगठ्यानं चाचपला, उजेडात धरला.
वाचता येत नाही तिला.
पातळ आहे, म्हणाली,
याला घट्ट खळ चालायची नाही.