काटा शून्यावर येईना

तिसऱ्यांदा अडकलं पितळ.
डायच्या घशात रुतलेलं; प्रेसचा दांडा
ना वर, ना खाली.
हॉलिस फोनवर म्हणाला, "तेल कमी पडलं, व्हर्ना.
बोटाला जाणवेल एवढं लाव,
डोळ्याला दिसणार नाही एवढं."
म्हणजे नेमकं किती,
ते अख्ख्या मोंटानात कुणी सांगत नाही.

निघालं एकदाचं. थोडं हातोडीने, बाकी शिव्यांनी.

मग तराजू.
रिकाम्या पारड्यातही काहीतरी आहे म्हणतो.
पायाखाली पुठ्ठा सरकवला,
पारडं पुसलं शर्टाच्या टोकाने,
घोडं पेंड खातंय कुठे?

साडेदहाला कळलं: गॅरेजचा हीटर.
त्याची झुळूक मला लागत नव्हती,
काट्याला लागत होती.

बंद केला. बाहेर उणे एकोणीस.
काटा टेकला,
मी वाकून बघितलं, तर परत हलला.
आता माझाच श्वास.

तो धरून आकडा वाचला,
हातमोज्यातून पेन्सिलीने वहीत उतरवला, वाकडा.
पहिली गोळी अजून भरायचीच आहे.

हंगामाला नऊ महिने आहेत.
वर कुठल्याशा उतारावर ते एल्क
बर्फात उभं असेल,
खुशाल वाफा सोडत.