सूत

आठवी ब, तिसरा तास, पाठ: ध्वनी.
फळ्यावर मी लिहिते, तारेची लांबी, ताण, वस्तुमान,
आणि बाकांवर मांडलेला असतो भंगारबाजार:
गोडेतेलाचा पंधरा किलोचा डबा,
तासगावच्या बेदाण्याचं खोकं, अजून आंबूस वासाचं,
ठिबकच्या नळीचे हात-दीड हात तुकडे,
आणि समाधान ऐवळेनं आणलेली
वडिलांच्या एम-ऐंशीची तुटकी क्लच केबल.
तिचे पदर सोडवताना त्याचं बोट कापलं.
बोट तोंडात तसंच ठेवून तो म्हणाला,
"बाई, एकोणीस तारा निघाल्या हिच्यातनं."

नळ्या आधी बोलल्या.
बाहुबली मगदूमनं एका नळीचं बूड अंगठ्यानं बुजवलं,
तसा आवाज झपकन खाली गेला,
विहिरीच्या पायऱ्या उतरल्यासारखा.
"का?" मी विचारलं.
वर्ग गप्प.
मग मागच्या बाकावरून कुणीतरी,
"पुढं वाट न्हाई म्हणून माघारी येतोय की त्यो.
दुप्पट चालतोय."
पुस्तकाला यासाठी अर्धं पान लागतं.

खोक्याला ताण सोसला नाही.
दुसऱ्याच पिळाला ते मधोमध बसलं,
तार तुटली, तुटताना म्हशीसारखी जांभई दिली,
आणि हसणं एवढं झालं
की भूगोलाचे सर दारात येऊन गेले.

डबा टिकला.
त्याला बांबूचा दांडा, लाकडी खुंटी,
घोडी म्हणून जुन्या टूथब्रशची मूठ.
तार निम्म्यावर दाबली, सा वरचा सा झाला.
तिसरा हिस्सा सोडून दाबली, पंचम.
एक-द्वितीयांश, दोन-तृतीयांश, मी लिहीत गेले.
अपूर्णांक म्हटलं की पोटात दुखणारी आठवी ब
माना वाकड्या करून अपूर्णांक ऐकत होती.

पण आवाज टक्कन यायचा, टक्कन मरायचा,
रिकाम्या डब्यात खडा टाकावा तसा.
मी ताण वाढवला. लांबी बदलली.
सूत्रात होतं नव्हतं ते सगळं करून पाहिलं.

तेव्हा निलोफर शिकलगार उठली,
जी हजेरीलाही नुसता हात वर करते.
ओढणीच्या उसवल्या काठातून
तिनं वीतभर सूत ओढलं, दातानं तोडलं,
तारेखाली, घोडीवर सरकवलं,
केसभर अलीकडे,
केसभर पलीकडे,
शिजलेल्या भाताचं शीत चाचपावं तशी,
डोळे मिटून.

आणि डबा उघडला.
झाकण नव्हे, आवाज.
तळाशी सा, त्याच्या खांद्यावर पंचम,
आणि त्याच्याही वर, अगदी बारीक,
एक गंधार,
जो आमच्यापैकी कुणीच लावला नव्हता.

"चाचांच्या दुकानात अशीच जवारी लावतात," ती म्हणाली.
"तुला शिकवली?"
"मुलींना नाही शिकवत.
वाळत टांगलेल्या भोपळ्यांच्या मागून बघते मी."

मिरजेत जन्म गेला माझा.
त्या गल्लीवरून रोज सायकलनं शाळेत येते,
रंध्याचा, लाखेचा वास नाकात घेऊन,
आणि फळ्याकडे वळले तर
लांबीला अक्षर होतं, ताणाला होतं, वस्तुमानाला होतं,
सुताला नव्हतं.
"बाई, पण सूत का लागतं?"
खडूची पूड बोटांवर गळत राहिली.
"माहीत नाही," म्हणाले, "उद्या वाचून येते."
निलोफर म्हणाली, "मी पण विचारून येते."

तास संपला.
शिपायानं कडुलिंबाला टांगलेल्या रुळाच्या तुकड्यावर टोल हाणला,
आणि डब्यावरची तार,
कुणाचाही हात नसताना,
एवढीशी हलली.
समाधाननं बोट तोंडातून काढून
डब्याला कान लावला.
मग हिशेब केला:
एक तुटली, एक लागली,
"बाई, अजून सतरा हायत."