एक खिळा

इस्पितळाच्या तळघरात बॉयलरपाशी
कोळसा ओढायला आलेला माणूस
आधी ब्रातिस्लाव्हात प्राध्यापक होता, मुकादम म्हणाला.
काय शिकवायचा?
देव. आणि देवाच्या घरांचा इतिहास.
मुकादम हसला. मी चादरी मोजत होते.

बोहुमिल झ्वारा, लूथरन.
मी धुलाईघरातली, कॅथलिक.
आमची ओळख कागदावरून झाली:
धुलाईच्या जुन्या पावत्या पाठीमागून कोऱ्या असतात
हे त्याच्याआधी कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

अकरा हिवाळे.
पुढच्या बाजूला: अभ्रे चाळीस, डागाळलेले सहा.
मागे, पेन्सिलीने, सम्राटाचा हुकूम:
चर्च बांधा, पण गावकुसाबाहेर.
लाकडाचं. मनोरा नको, घंटा नको,
लोखंडाचा एक खिळासुद्धा नको.
आणि वर्षाच्या आत.

बिशपांची नावं त्याला तोंडपाठ होती,
लिहिली मात्र सुतारांची.
एका डोळ्याने अधू असलेला यानो.
फटींत शेवाळ कोंबणारी त्याची बायको.
राख झटकून वाचून दाखवायचा.
म्हटलं, डॉक्टर, नोकरी जाईल हो.
म्हणाला, गेलेली पुन्हा कशी जाईल?

मग सरकारच गेलं.
खुर्ची परत मिळाली, पुस्तक छापलं,
बोटांच्या रेषांतला कोळसा तसाच.
पहिलं वाक्य:
'या भिंतींत एकही खिळा नाही.'

चार वर्षांनी वेदीजवळची कुजकी फळी उचलली
तर खाली खिळा.
हाताने ठोकून घडवलेला, बोटाएवढा, किंचित वाकडा.
मला वाटलं, म्हातारा खचणार.
रात्री अकराला फोन:
'वेरोना, सापडला!'
जसा काही घरातून निघून गेलेला भाऊ.

त्यानंतर त्याने दुसरं काही लिहिलं नाही.
कुणी ठोकला? मुदत संपत आली होती का,
बर्फ उंबऱ्याशी आलं होतं का?
'हुकमांचा इतिहास सोपा असतो,' म्हणायचा.
'तो घाव कुणीतरी ऐकला असणार,
आणि ऐकून न ऐकल्यासारखं केलं असणार.
त्याचं नाव कुठल्या वहीत शोधू?'

मला आमचा मुकादम आठवला.
अकरा हिवाळ्यांत
त्याने पावत्या एकदाही मोजल्या नाहीत.

मार्चमध्ये झ्वारा गेला. नवी पानं सतराच.
पण त्याआधी एका सकाळी
खिळा जिथल्या तिथे बसवायला लावला त्याने.
संग्रहालयवाले कुरकुरले.
मी होते तिथे.
सुताराने हातोडा उचलला
आणि आम्ही सगळ्यांनी
खिडकीबाहेर पाहिलं.