एकास पाच हजार

पदाजी मढवी दर मंगळवारी येतात.
चप्पल दाराबाहेर, पिशवी मांडीवर,
पिशवीत एकाहत्तर सालापासूनचे कागद:
नोटीस, निवाडा, पावती, पुन्हा नोटीस,
आणि दुधाच्या पिशवीत गुंडाळलेला
साडेबारा टक्क्यांचा अर्ज.
त्यांना वाटतं, मी ड्रॉइंग ऑफिसात एकतीस वर्षं काढली
म्हणजे त्यांचा प्लॉट कुठे अडलाय ते मला ठाऊक असणार.

ते मला ठाऊक नाही.
मला ठाऊक आहे ते त्यांचं शेत,
घणसोलीचं, खाडीच्या अंगाचं.
त्यावरचे प्लॉट मीच काढले होते
ट्रेसिंगवर, शून्य पूर्णांक तीनच्या पेनाने,
श्वास धरून,
कारण शाई फुटली की रेष रुंदावते,
आणि एकास पाच हजारच्या प्रमाणात
रेष रुंदावली तर कुणाचा तरी बांध जातो.
संध्याकाळी हात धुताना आम्ही एकमेकांना विचारायचो,
"आज किती प्लॉट केलं?"
आमच्याकडे ते क्रियापद होतं.

या मंगळवारी त्यांनी अर्ज बाहेर काढलाच नाही.
"साहेब, ह्यो प्लॉट म्हंजे काय व?
आमचे भाषेन नय तो.
आमचे खार हाय, कोंडी हाय, खाचर हाय.
प्लॉट कवा कोनी पेरला नय."

मुलीचा जाडा शब्दकोश माळ्यावरून उतरवला.
ती घोडबंदर रोडला एका स्टुडिओत मालिका लिहिते.
मागे एकदा जिन्यातूनच ओरडत आली,
"आई, माझा प्लॉट विकला गेला!"
तर समोरच्या कर्णिकबाई पेढे मागायला,
आणि चौरस फुटाला काय भाव आला ते विचारायला.

तर, प्लॉट.
मी चष्मा बदलला.
जमिनीचा लहानसा तुकडा. हा अर्थ सगळ्यांत जुना,
हजार वर्षांचा, तिकडच्या कुणा कुणब्याच्या तोंडचा.
मग त्या तुकड्याचा नकाशा.
मग गोष्टीचा आराखडा, म्हणजे
कोण कुणाला भेटतं, कशापायी कोण उठून जातं.
आणि मधेच कुठूनतरी,
बहुधा फ्रेंचांच्या एका शब्दाची सावली पडून,
कट.
चारचौघांनी दार लावून ठरवलेलं.

हे शेवटचं मी जरा हळू वाचलं.
पदाजी कान पुढे करून होते.
"म्हंजे तिकरं आदी जमीन, मंग कट?"
हो, तिकडे असा क्रम.
आता पुढचं वाक्य येणार म्हणून मी मान खाली घातली.
ते आलं नाही.
"आन त्या शब्दाचा मूल कनचा?"
"मूळ अज्ञात," मी वाचलं.
तेव्हा मात्र खोकला लागेपर्यंत हसले.
"त्याचाबी सातबारा हरवलाय!"

चहा झाला. मग बशी बाजूला सारून
टीपॉयच्या काचेवर बोटाने दाखवू लागले:
इथे उघडी, भरती अडवायची.
इथे म्हशीचा खार. एक म्हैस रुतली होती, आजोबांच्या वेळी.
हा सासूचा तुकडा.
ही रडकी कोंडी, हिच्यात मीठ कधी धड धरलं नाही.
"ही नावा तुमचे नकाशावं का नय?"
मी म्हटलं, एवढ्या लहान प्रमाणात अक्षरं मावत नाहीत.
हे खरं आहे.
पेन माझ्याच हातात होतं, हेही.

रिक्षा करून गेलो.
खारावर आता बावीस मजले,
आणि फाटकाशी एक पोरगेला वॉचमन, वही घेऊन.
नाव, मोबाइल, येण्याची वेळ, कुणाकडे.
मी माझी ओळ भरली, चौथा रकाना सोडून.
पदाजींनी पेन घेतलं,
शाळेतल्यासारखं जीभ बाहेर काढून
कुणाकडेच्या रकान्यात लिहिलं: म्हशीचा खार.
अक्षरं मावली.

वॉचमनने दोनदा वाचलं.
"विंग कोणती?"